तीन वर्गांना किती शिक्षक?

जिल्हा परिषदेच्या शाळेचे पुढच्या वर्षाचे भवितव्य एका तारखेला ठरते. 30 सप्टेंबरला पटावर किती मुले आहेत आणि त्यातल्या किती जणांचे आधार जुळले आहे, हे ऑनलाइन भरले जाते. त्यावरून संचमान्यता निघते. शाळेला मुख्याध्यापक मिळणार का, शिक्षक दोन राहणार की तीन, कोण अतिरिक्त ठरणार आणि कोणाचे समायोजन कुठल्या तालुक्यात होणार, हे सगळे त्या कागदावर असते. गेल्या काही वर्षांत या कागदाची धास्ती सहावी ते आठवीच्या वर्गांनी सर्वांत जास्त घेतली आहे. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवी या गटाचा पट वीसच्या खाली असेल तर तिथे शिक्षकाचे एकही पद मंजूर होणार नाही, अशी तरतूद त्यात आली. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, प्रकरणे उच्च न्यायालयात गेली आणि सगळा वाद वीस हा आकडा बरोबर की चूक यावर येऊन थांबला. माझ्या मते मूळ प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मुलांच्या संख्येला एका आकड्याने भागायचे आणि उत्तर येईल तेवढे शिक्षक द्यायचे, ही पद्धतच उच्च प्राथमिक शाळेला लागू पडत नाही. त्या शाळेत रोज किती काम असते, त्यावरून माणसे ठरली पाहिजेत. आणि त्या कामात फळ्यापुढे उभे राहून शिकवण्याखेरीज असे बरेच काही येते, ज्याला आजच्या कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

हा विचार नवा नाही, कायद्यातही आहे. 1987 मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली तेव्हा एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक द्यायचाच, असे देशाने ठरवले. शाळेत मुले पंधरा आहेत की पंचेचाळीस, हा प्रश्न तेव्हा गौण मानला गेला. चार-पाच इयत्ता एका माणसाने सांभाळायच्या आणि तो आजारी पडला की शाळेला कुलूप, ही स्थिती संपवायची होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तेच तत्त्व पुढे नेले. पहिली ते पाचवीसाठी साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक ठेवले. सहावी ते आठवीच्या बाबतीत कायद्याचे परिशिष्ट आणखी स्पष्ट आहे. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि तोही अशा रीतीने की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्ही गटांना किमान एकेक शिक्षक मिळेल. त्यानंतर दर पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक, शंभरावर पट गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वर्ग आणि विषय यांवरून तळाची संख्या ठरते, आणि पट वाढला की तिच्यात भर पडते. आपण व्यवहारात हा क्रम उलटा केला. पस्तीसचे प्रमाण जणू मुख्य नियम आणि वर्ग-विषयांची अट जणू जमली तर पाळायची सूचना, अशा थाटात संचमान्यता होत राहिली. वीसच्या खाली शून्य, हे त्या उलट वाचनाचे शेवटचे टोक आहे.

प्रत्यक्ष वेळापत्रक मांडले की हे लख्ख दिसते. सहावी, सातवी, आठवी अशा तीन तुकड्या आणि दिवसाला आठ तासिका धरल्या तर शाळेला रोज चोवीस तासिका भराव्या लागतात. शिक्षक तीन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आठच्या आठ तासिका येतात. मधे एकही मोकळी नाही, म्हणजे वह्या तपासणे, प्रयोगाचे साहित्य मांडणे, मागे पडलेल्या चार मुलांना घेऊन बसणे यांसाठी शाळेच्या वेळेत जागाच उरत नाही. आणि ही पूर्ण संचाची, आदर्श म्हणावी अशी स्थिती झाली. शिक्षक दोन झाले की सोळा तासिका भरतात. उरलेल्या आठ तासिकांत एक वर्ग दुसऱ्यात बसतो किंवा मॉनिटर फळ्यावर उतारा लिहून देतो. म्हणजे शाळेच्या वेळेचा एक तृतीयांश भाग. पटावर साठ मुले असोत की अठरा, हा हिशेब बदलत नाही. पाच प्रवासी असले म्हणून एसटीला अर्धा चालक पुरत नाही, तसेच हे आहे. चौथीपर्यंत बहुवर्ग अध्यापन काही प्रमाणात निभावते. गोष्ट, गाणे, वाचनाचा सराव दोन इयत्तांना एकत्र देता येतो, आणि आपल्याकडे ते उत्तम करणारे गुरुजी आणि बाई आहेत. सहावीपासून मात्र विषयांची चढण उभी होते. सहावीत मुलाला पूर्णांक संख्या पहिल्यांदा भेटतात, शून्याच्या अलीकडे काही असते हे पटवून घ्यायला त्याला दिवस लागतात. आठवीत परिमेय आणि अपरिमेय संख्यांनी सुरुवात होते. हे दोन पाठ एका फळ्यावर, एकाच पस्तीस-चाळीस मिनिटांत कोणी नीट शिकवू शकत नाही. त्यातून तो शिक्षक भाषेचा पदवीधर असेल आणि विज्ञान-गणिताचे पद रिक्त असेल, तर मुले तीन वर्षे गणित उतरवून घेतात आणि नववीत हायस्कूलला जातात. असरच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी 45.8 टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. 2018 मध्ये हे प्रमाण 44.1 टक्के होते. खालच्या वर्गांतले वाचन आणि गणित करोनानंतर चांगले सावरले. आठवी मात्र जवळजवळ जागची हलली नाही. या एका आकड्याचा सगळा भार शिक्षकसंख्येवर टाकणे बरोबर होणार नाही. पण जिथे विषयाला शिक्षकच नाही, तिथे दुसरा कोणताही उपाय कशावर उभा राहणार?

आता शिकवण्यापलीकडच्या कामाकडे वळू, कारण माझ्या मते खरी आबाळ तिथे आहे. अकरा ते चौदा हे वय फार नाजूक. याच वर्षांत मुलींची पाळी सुरू होते, मुलांचा आवाज फुटतो, घरातल्या भांडणाचा अर्थ कळू लागतो, हाती मोबाइल येतो, आणि याच वर्षांत शाळा सुटण्याची सुरुवात होते. मूल एका दिवसात शाळाबाह्य होत नाही. आधी सोमवारी येत नाही, मग बाजाराच्या दिवशी येत नाही, मग आठवडाभर धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते, आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी घरी जाऊन विचारपूस केली तर मूल परतण्याची शक्यता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. मराठवाड्याच्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट आहे. मुलगी सातवी-आठवीत असताना घरात तिच्या लग्नाची कुजबुज सुरू होते, तेव्हा ती पहिल्यांदा कळते वर्गातल्या बाईंना. ती कळण्यासाठी बाईंना त्या मुलीशी बोलायला दहा मिनिटे मोकळी हवीत. दिवसाच्या आठही तासिका ज्यांच्या अंगावर आहेत, शिवाय दुसरा वर्गही ज्यांच्याकडे बसवला आहे, त्यांच्याकडे ती दहा मिनिटे कुठून येणार?

या कामासाठी आपण काय व्यवस्था केली आहे, ते पाहिले तर समित्या भरपूर दिसतात आणि माणसे फार थोडी. 2022 मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायचे आदेश निघाले. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या घटनेनंतर त्यांची पुन्हा आठवण झाली, तक्रारपेट्या बसल्या, सीसीटीव्हीची चर्चा झाली. समितीत बसणारी माणसे तीच, जी वर्गावर आहेत. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यात आहे. ही मोठीच गोष्ट आहे, कारण मुलाच्या मनाची काळजी घेणे हे पगारी माणसाचे काम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण ग्रामीण महाराष्ट्रातल्या असंख्य जिल्हा परिषद शाळांचा पट शंभराच्या आत आहे. त्यांच्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ म्हणजे तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे रुग्णालय, आणि तिथे मुलाला घेऊन जायचे ते बापाने एका दिवसाची मजुरी बुडवून. दिव्यांग मुलांच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि महाराष्ट्राने 2024 मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची 4,860 पदे मंजूर केली. एका केंद्रात साधारण दहा-बारा किंवा त्याहून अधिक शाळा येतात. म्हणजे एखाद्या शाळेला विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा दिसेल. तेवढेही पुष्कळ, कारण आजवर मतिमंदत्व किंवा वाचनदोष असलेले मूल वर्गात शेवटच्या बाकावर बसून आठवी पास होत आले आहे. या निर्णयातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे पद शाळेच्या पटाला बांधलेले नाही. ते परिसराला बांधले आहे, आणि माणूस मुलांकडे जातो. याकडे पुढे पुन्हा येईन.

शिक्षकांच्या वेळेला सर्वांत मोठी गळती लागते ती कागदांनी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नसतो, शिपाई नसतो. यू-डायस या शालेय माहिती प्रणालीत भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद आणि धान्याचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची दुरुस्ती, गणवेशाची मापे, दाखले, वर वेगवेगळ्या अ‍ॅपवर फोटो, हे सगळे शिक्षकच करतात. मुख्याध्यापकाचे पद पटाअभावी मंजूर नसेल तर ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार येतो, आणि तीन शिक्षकांची शाळा बैठकांच्या दिवशी दोन शिक्षकांची होते. त्यात बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच सूट ठेवली आहे, आणि मतदार यादीचे काम सुटीच्या दिवशी व शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले आहे. तरीही निवडणुकीचे वर्ष आले की गटशिक्षणाधिकारी आणि तहसीलदार यांच्या दोन आदेशांत शिक्षक अडकतो. मोठ्या शाळेत एक जण गेला तर वीस जण सावरतात. तीन जणांच्या शाळेत एक जण गेला की एक वर्ग वाऱ्यावर. सरासरीत हा फरक दिसत नाही.

सरासरीचाच आधार घेऊन पहिला आक्षेप येतो. यू-डायसच्या 2024-25 च्या अहवालात देशातल्या शिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली, आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यावर दर सतरा मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आले. नव्या शैक्षणिक धोरणाने तीसच्या आतले प्रमाण मागितले होते, वंचित भागांत पंचवीसच्या आतले. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की त्याच अहवालात देशात एक लाखाहून अधिक एकशिक्षकी शाळा नोंदल्या आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत. लहान पटाच्या शाळेत सरासरी नेहमीच चांगली दिसते. अठरा मुले आणि एक शिक्षक, म्हणजे अठरास एक. कागदावर ही शाळा एखाद्या नामांकित शाळेच्या बरोबरीची. प्रत्यक्षात तीन इयत्तांना एक माणूस. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण हे गर्दी मोजायचे माप आहे, आणि पन्नास-साठच्या तुकड्या होत्या तेव्हा ते उपयोगी पडले. आज ग्रामीण भागात अडचण गर्दीची राहिलेली नाही. जन्मदर खाली आला, गावे रिकामी होत आहेत, मुले थोडी आहेत. अशा वेळी किती तासिका त्या विषयाच्या शिक्षकाविना जातात, हे मोजायला हवे. हा आकडा काढणे अवघड नाही. वेळापत्रक आणि शिक्षकांची विषयवार माहिती दोन्ही सरकारकडे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. वीसहून कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा राज्यात असल्याची आकडेवारी शिक्षण विभागाने 2023 मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार मांडताना पुढे केली, आणि तिथे पावणेदोन लाखांहून अधिक मुले शिकतात. सहा मुलांना दोन शिक्षक पोसायचे, तेही दुसरीकडे पदे रिक्त असताना, हे करदात्याला पटवून देणे सोपे नाही. समूह शाळेच्या बाजूने शैक्षणिक मुद्दाही आहे. चार मुलांच्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही, वादविवाद होत नाही, प्रयोगशाळा उभी राहत नाही, आणि मुलाला स्वतःच्या वयाची संगत मिळत नाही. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्याजवळचे पानशेत इथले प्रयोग दाखवले जातात, आणि चांगली वाहतूक, चांगली इमारत, पूर्ण शिक्षक असतील तर मोठी शाळा मुलांना बरेच काही देते, हे मलाही मान्य आहे. पण त्या 'असतील तर'वर सगळे अवलंबून आहे. शाळा बंद करणे एका आदेशाने होते. गाडी मात्र वर्षानुवर्षे, रोज, पावसाळ्यातही वेळेवर यावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांनी सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरची मर्यादा घातली आहे. सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर आणि सह्याद्रीच्या उतारावरचे, ओढा ओलांडून जायचे तीन किलोमीटर यांत फार फरक आहे. आणि गाडी चुकली की आधी मुलीची शाळा सुटते, हे ग्रामीण शिक्षणात काम करणारा प्रत्येक जण सांगेल. शिवाय वीसच्या खाली शून्य पदे, या नियमाने समूह शाळा उभी राहत नाहीच. जुनी शाळा आधी शिक्षकाविना होते, पालक दाखले काढतात, पट आणखी घसरतो, आणि मग मुलेच नाहीत म्हणून ती बंद होते. नवी सोय उभी करून जुनी मिटवणे हे धोरण झाले. जुनी आधी वाळू द्यायची, हा क्रम मला मान्य नाही.

पैशाच्या काळजीतूनच कंत्राटीकरणाचा मार्ग पुढे आला. 5 सप्टेंबर 2024 च्या निर्णयानुसार वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक महिना 15 हजार रुपयांच्या मानधनावर नेमायचा होता. त्याच महिन्याच्या 25 तारखेला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले, आणि नंतर सरकारने तो निर्णय मागे घेतला. शिक्षकांच्या हितसंबंधांपलीकडे या विरोधात तथ्य होते. ज्या मुलांना सर्वांत जास्त टिकाऊ आधाराची गरज, त्यांच्याच वाट्याला दरवर्षी बदलणारा माणूस द्यायचा, हे उलटे आहे. वाडीवरच्या पारधी किंवा कातकरी कुटुंबाशी शिक्षकाची ओळख व्हायला एक वर्ष जाते, विश्वास बसायला दुसरे.

तिसरा आक्षेप जिव्हारी लागणारा आहे. शिक्षकच पट फुगवतात, त्यांना मुलांपेक्षा पदाची काळजी, असे म्हटले जाते, आणि ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीत बोगस पटाचे जे प्रकार उघडकीला आले ते विसरता येत नाहीत. पण त्यातून धडा कोणता घ्यायचा? पद पटावर टांगले की पट फुगवण्याची ओढ तयार होते. वर्ग आणि विषय यांवर किमान संच ठरला तर तळाच्या शाळांमध्ये ही ओढच राहत नाही, कारण एकोणीसचे एकवीस केल्याने काही मिळत नाही. आपण त्याऐवजी आधारची चाळणी लावली. तिने खोटी नावे गेली असतील, पण ज्यांच्या जन्माचा दाखला नाही, नावात फरक आहे, बोटांचे ठसे जुळत नाहीत, अशी खरी मुलेही संचमान्यतेतून गळतात. ती वर्गात बसतात, खिचडी खातात, परीक्षा देतात, आणि शिक्षक ठरवताना मात्र मोजली जात नाहीत. स्थलांतरित मुलांचे तर दोन्हीकडून नुकसान. 30 सप्टेंबरला ती बीड-अहिल्यानगरच्या गावांत पटावर असतात, गाळप सुरू झाले की कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर जातात. ज्या शाळेजवळ त्यांची खोपटी पडतात, त्या शाळेला त्यांच्यासाठी जादा शिक्षक मिळायचा नियम नाही. हातात शिक्षण हमी पत्रक असते, पण ते वाचून त्या मुलांना बसवून घ्यायला माणूस हवा.

मग काय करावे? सहावी ते आठवीचे वर्ग जिथे चालू आहेत तिथे तीन विषय शिक्षक, पट कितीही असो, ही तळरेषा पहिल्यांदा मान्य करावी. ज्या शाळांचे पट फारच लहान आणि जवळची शाळा खरोखर जवळ आहे, तिथे ग्रामसभेच्या संमतीने, वाहतूक आधी सुरू करून, वर्ग जोडावेत. बाकीच्या शाळांना हात लावू नये. शिकवण्याला पूरक अशी जी कामे एका शाळेला पूर्ण माणूस देण्याइतकी नाहीत, ती केंद्रावर आणावीत, जशी विशेष शिक्षकांची आणली. केंद्राला एक समुपदेशक, एक लेखनिक-कम-डेटा ऑपरेटर, कला आणि क्रीडा यांचे फिरते निदेशक असावेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला रोज गाडीत बसवण्यापेक्षा पगारी माणसाने आठवड्यातून एकदा मोटारसायकलने यावे. केंद्रप्रमुखांचे मूळ काम शाळांना शैक्षणिक मदत करण्याचेच होते. त्यांची रिक्त पदे भरली आणि त्यांच्याकडून अहवाल गोळा करण्याचे काम काढले, तर या चमूला जागेवरचा प्रमुख आपोआप मिळतो. पटाची तारीखही एकच ठेवू नये. साखर पट्ट्यात जानेवारीत दुसरी मोजणी करून त्या हंगामापुरते शिक्षक देता येतात.

भरतीचा वेगही यातच येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 नुसार कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. राज्यात 2012 पासून शिक्षकभरती वर्षानुवर्षे थांबली. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, त्यानंतर थेट फेब्रुवारी 2023 मध्ये. या मधल्या काळात जे मूल पहिलीत आले ते सहावीत पोचले. त्यात सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले आहे. त्यातून काही पदे रिकामी होतील, हे गृहीत धरून आताच नियोजन करावे लागेल. दरवर्षी किती शिक्षक निवृत्त होणार हे सेवापुस्तकांवरून आधीच माहीत असते. जाहिरात त्याआधी काढली, तर जूनमध्ये शाळा उघडताना विज्ञानाचा तास रिकामा जाणार नाही.